नदी पवित्र आहे हे मान्य, पण नाला कुणाचा?

मार्च २०२५ मध्ये राज ठाकरे यांनी पक्षाच्या वर्धापनदिनाच्या भाषणात सांगितलं की कुंभमेळ्यातून आणलेलं गंगेचं पाणी आपण प्यायलो नाही. त्यानंतर टीव्हीवर जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं, आमच्या घरच्या ग्रुपवर पण दोन दिवस तेच चालू होतं. काकांचं म्हणणं की हा श्रद्धेचा अपमान आहे, गंगा कधी अपवित्र होतच नाही. आतेभाऊ त्यांना पाण्यातल्या कोलिफॉर्म जंतूंचे रिपोर्ट पाठवत राहिला आणि प्रत्येक रिपोर्टखाली "आता बोला" असं लिहीत राहिला. शेवटी काकूंनी दोघांना गप्प केलं. शंभरेक मेसेज झाले असतील, पण त्यात एकदाही कुणी हे विचारलं नाही की ही घाण येते कुठून, कोणत्या शहराच्या कोणत्या नाल्यातून येते आणि तो नाला अजून उघडा का आहे. आता नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय आणि तेच भांडण पुन्हा सुरू झालेलं दिसतंय, फक्त गंगेच्या जागी गोदावरी आली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. "नदी पवित्र की घाण" हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. पावित्र्य ही मनाची गोष्ट आहे, ते कुठल्या लॅबमध्ये मोजता येत नाही आणि मोजायची गरज पण नाही. स्वच्छता मात्र मोजता येते, आणि नदीवर ज्याची खरी श्रद्धा आहे त्यानेच ती सगळ्यात आधी आणि सगळ्यात हट्टाने मोजायला लावली पाहिजे. नदी दोन कारणांनी मरते, आपण तिच्यात मैला सोडतो आणि तिच्यातलं पाणी काढून घेतो. ही दोन्ही कारणं धर्मात नाहीत आणि विज्ञानात पण नाहीत, ती आपल्या महापालिकांत, कारखान्यांत आणि कालव्यांत आहेत. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये असं आपल्याकडे म्हणतात. ठीक आहे, नदीचं नका विचारू, पण नाल्याचं मूळ तर विचाराल की नाही?

आता काकांच्या बाजूचे मुद्दे, कारण त्यातले काही खरंच दमदार आहेत आणि ते उडवून लावणं हा आतेभावाच्या बाजूचा आळस आहे. गंगेच्या पाण्यात स्वतःला शुद्ध करायची ताकद आहे हे नुसतं पुराणातलं बोलणं नाही. १८९६ मध्ये अर्नेस्ट हॅन्किन नावाच्या इंग्रज जंतुशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की गंगेच्या आणि यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. पुढे वीसेक वर्षांनी जंतूंना खाणारे विषाणू म्हणजे बॅक्टेरियोफाज सापडले तेव्हा त्याचा उलगडा व्हायला लागला. शिवाय डोंगरातून आपटत धोपटत येणाऱ्या पाण्यात हवा भरपूर मिसळते, प्राणवायू जास्त असतो आणि घाण लवकर कुजून संपते. हे सगळं मी मानते. पण ह्याच्यातून निष्कर्ष काय निघतो ते नीट बघा. एकेक फाज ठराविक जंतूंनाच मारतो, त्याला चामड्याच्या कारखान्यातलं क्रोमियम खाता येत नाही, साबणाचा फेस खाता येत नाही, रंग खाता येत नाही. फाज जगातल्या इतर नद्यांतही असतात, जिथे जंतू तिथे ते. आणि प्राणवायू मिसळायचा तर पाणी वाहतं लागतं, खळाळतं लागतं, तेच तर आपण अडवून ठेवलंय. म्हणजे गंगेची ताकद खरी आहे, म्हणूनच ती जपायची ना? एखाद्याची पचनशक्ती चांगली आहे म्हणून त्याला रोज विष द्यायचं का?

दुसरा मुद्दा रिपोर्टचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने म्हणजे सीपीसीबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये हरित लवादाला म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला सांगितलं की प्रयागराजला वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या सॅम्पलमध्ये विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू अंघोळीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ही मर्यादा १०० मिलिलिटरला २५०० आहे. मग त्याच महिन्याच्या शेवटी तारीख असलेल्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये त्याच मंडळाने म्हटलं की आकडे जागेनुसार आणि दिवसानुसार फार बदलतात, त्यामुळे सांख्यिकी पद्धतीने बघितलं तर पाणी अंघोळीला योग्य होतं. काका म्हणाले, बघा, तुमचंच मंडळ सांगतंय. त्यांचं चूक नाही, आकडे खरोखर वरखाली होतात आणि एका सॅम्पलवरून अख्खी नदी ठरवू नये हे कुठलाही शहाणा माणूस मान्य करेल. पण मला एक सांगा, माणूस नदीत उतरतो तो एका दिवशी, एका घाटावर, एका वेळेला उतरतो. महिनाभराच्या आकड्यांतला मधला आकडा काढला तर त्याला त्या सकाळी तिथे काय होतं ते कळणार कसं? पुलाची ताकद आपण सरासरी गाडीवर ठरवत नाही, सगळ्यात जड गाडीवर ठरवतो. लहान मूल घेऊन उतरलेल्या बाईला सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा कळायला हवा, आणि तो तिला तिथल्या तिथे घाटावर कळायला हवा, महिन्यानंतर लवादाच्या फाइलीत नाही.

पण ह्या सगळ्या वादाचा निकाल लावणारी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष नाही. कुंभाच्या आधी सरकार स्वतः काय करतं? कानपूरच्या जाजमऊमधले चामड्याचे कारखाने बंद ठेवायला सांगतं, २०१९ च्या कुंभाच्या वेळी तर महिनोनमहिने बंद ठेवले होते. आणि स्नानाच्या दिवसांसाठी वरच्या धरणांतून जास्तीचं पाणी सोडतं. म्हणजे प्रशासनाला पक्कं माहीत आहे की घाण कुठून येते आणि पाणी कमी का पडतं. त्यांनी भाषणात काहीही म्हणू दे, हाताने ते हेच कबूल करतात की नदी साफ ठेवायची तर घाणीचा नळ बंद करा आणि पाण्याचा उघडा. मग हे फक्त स्नानापुरतं का? नदीतल्या माशांना, डॉल्फिनला, काठावर बारा महिने राहणाऱ्या मल्लाहांना, तेच पाणी शेताला देणाऱ्या शेतकऱ्याला, यांना पर्वकाळ नसतो का? आणि कारखाने असे अचानक बंद केल्यावर तिथल्या मजुराची चूल कशी पेटते हे पण कुणीतरी विचारायला हवं. वर्षभर नीट शुद्धीकरण करून घेतलं असतं तर त्याच्या पोटावर पाय द्यायची वेळच आली नसती.

आतेभावाच्या बाजूची पण एक मोठी चूक आहे आणि ती मला जास्त टोचते, कारण मी स्वतः बरीच वर्षं त्याच बाजूने बोलत आले. "भाविकच नदी घाण करतात" हे वाक्य. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, प्लास्टरच्या मूर्ती, हे सगळं नदीत टाकू नये याबद्दल दुमत नाही आणि ते थांबायला हवंच. पण गंगेतल्या प्रदूषणाचा मोठा वाटा, साधारण पाचातले चार भाग असं सांगितलं जातं, तो शहरांच्या सांडपाण्याचा आहे. म्हणजे आपल्या बाथरूमचा, आपल्या संडासचा, आपल्या वॉशिंग मशीनचा. फ्लॅटमध्ये बसून फ्लश करणारा माणूस दिसत नाही, नदीत दिवा सोडणारी म्हातारी दिसते, म्हणून तिला बोलणं सोपं. कानपूरचा एकटा सीसामऊ नाला शंभरहून जास्त वर्षं रोज सुमारे १४ कोटी लिटर घाण पाणी गंगेत ओतत होता. अख्ख्या घाटावरचं निर्माल्य त्याच्यापुढे काय आहे? तो नाला २०१८ मध्ये अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवला, हे नमामि गंगे या केंद्राच्या गंगा सफाई योजनेचं खरं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. एक नाला बंद होऊ शकतो तर बाकीचे पण होऊ शकतात, त्यात दैवी असं काही नाही आणि अशक्य असं पण काही नाही.

मग इतकी वर्षं झालं काय? १९८६ मध्ये राजीव गांधींच्या काळात गंगा ॲक्शन प्लॅन सुरू झाला. २०१५ मध्ये केंद्राने नमामि गंगेला पाच वर्षांसाठी २० हजार कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे पैसाच नाही असं कुणी म्हणू नये. पहिल्या योजनेतली केंद्रं बांधली गेली, उद्घाटनं झाली, आणि मग ती चालवायची जबाबदारी राज्यांवर आणि नगरपालिकांवर आली ज्यांच्याकडे विजेचं बिल भरायला पैसे नव्हते. पंप बंद पडला की मैला थेट नदीत. पावसाळ्यात पावसाचं पाणी आणि ड्रेनेज एकत्र होऊन केंद्राच्या कुवतीबाहेर जातं, परत थेट नदीत. आणि बऱ्याच लोकांना हे माहीतच नाही की साधं शुद्धीकरण केंद्र पाण्यातली सेंद्रिय घाण कमी करतं पण सगळे जंतू मारत नाही, त्यासाठी शेवटी क्लोरीन किंवा दुसरी निर्जंतुकीकरणाची पायरी लागते, ती नसेल तर बाहेर पडणारं पाणी दिसायला स्वच्छ आणि जंतूंनी भरलेलं असू शकतं. आपल्याकडे केंद्र बांधणं ही बातमी होते, ते दहा वर्षं रोज चालवणं ही बातमी कधीच होत नाही. गंगेत घोडं न्हालं म्हणून सगळे घरी जातात.

ह्याच १९८६ सालाची दुसरी एक गोष्ट आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली, आग विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाईन नदीत गेली, पाणी लाल झालं आणि कित्येक मैलांपर्यंत मासे मरून पडले. त्याआधी ऱ्हाईनला युरोपचं गटार म्हणायचे, आणि ती अनेक देशांतून वाहते म्हणजे भांडायला जागा आपल्यापेक्षा जास्तच. पण पुढच्याच वर्षी त्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला आणि लक्ष्य काय ठेवलं तर साल्मन मासा २००० सालापर्यंत नदीत परत आला पाहिजे. एक मासा. तो येतो तेव्हा पाण्यात प्राणवायू असतो, विष नसतं, वाट मोकळी असते, सगळं त्यात आलं. आणि साल्मन परत यायला लागला. पूर्ण यश आलं असं मी म्हणणार नाही, वर बासेलपर्यंत पोचायला त्याला अजून बंधारे आडवे येतात. लोक म्हणतील ते श्रीमंत देश आहेत, आपल्यासारखी लोकसंख्या नाही. बरोबर आहे, आपल्या नदीवरचा भार फार मोठा आहे, गंगेच्या खोऱ्यात देशातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं राहतात. पण फरक फक्त पैशाचा असता तर आपलं काम निम्मं तरी झालं असतं. त्यांनी यश माशावर मोजलं आणि आपण खर्च झालेल्या कोटींवर मोजतो.

आता पाण्याच्या प्रवाहाचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्यावर कोरड्या महिन्यांत गंगेचं मोठं पाणी कालव्यात वळतं, पुढे बिजनौरला परत काढतात, नरोऱ्याला परत काढतात. कानपूरला जी पोचते ती आधीच अंग आटलेली नदी असते, आणि त्याच नदीकडून आपण अपेक्षा करतो की तिने शहराची घाण पातळ करून वाहून न्यावी. इथे विरोधातला मुद्दा खरोखर जड आहे. वरचा गंगा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला, दुष्काळ पाहिलेल्या मुलखात त्याने शेती उभी केली, आज लाखो शेतकऱ्यांचं घर त्याच्यावर चालतं. कालवे बंद करा असं मी म्हणूच शकत नाही. पण सगळं पाणी आपलंच आणि नदीला काहीच नाही, हा हिशेब पण कुणी कधी मान्य केलेला नव्हता. इंग्रजांनी हरिद्वारला बांध घालायला घेतला तेव्हा मदनमोहन मालवीय आणि इतर लोकांनी विरोध केला आणि १९१६ मध्ये सरकारला करार करावा लागला की हर की पौडी या हरिद्वारच्या मुख्य घाटाला गंगेची धार अखंड वाहती राहील. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या धार्मिक माणसांनी "गंगा अपवित्र होत नाही" असं सांगून घरी बसणं पसंत केलं नाही, ते पाणी मागायला गेले.

आणि आपल्या काळात हेच करणारा माणूस आपण जाऊ दिला. जी. डी. अग्रवाल आयआयटी कानपूरचे प्राध्यापक, सीपीसीबीचे पहिले सदस्य सचिव, म्हणजे पाणी कसं मोजायचं हे देशाला शिकवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी उतारवयात संन्यास घेतला, स्वामी सानंद झाले, आणि गंगा वाहती राहावी म्हणून २०१८ मध्ये उपोषणाला बसले. ऑक्टोबरमध्ये सरकारने किमान प्रवाहाची अधिसूचना काढली, भीमगोड्याखाली कोरड्या काळात सेकंदाला ३६ घनमीटर पाणी सोडायचं असं त्यात आहे. त्याच आठवड्यात ११ ऑक्टोबरला उपोषणाच्या १११ व्या दिवशी ते गेले. काशीचे वीरभद्र मिश्र पण असेच, संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, रोज पहाटे गंगेत स्नान करायचे आणि तुळशी घाटावरच्या आपल्या लॅबमध्ये त्याच पाण्याचे जंतू मोजून जगाला सांगायचे. ह्या दोघांना कोणत्या गटात टाकणार? काकांच्या की आतेभावाच्या? आपल्या ग्रुपवरच्या भांडणात त्यांना जागाच नाही, यावरूनच कळतं की भांडण किती उथळ आहे.

हे सगळं उत्तरेतलं झालं आणि आपण मराठी माणसं लांबून बघतोय असं वाटत असेल तर तसं नाही. सीपीसीबीने २०२२ मध्ये देशातले प्रदूषित नदीपट्टे मोजले, एकूण ३११ निघाले आणि त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. काही जण म्हणतात आपल्याकडे मोजणी जास्त ठिकाणी होते म्हणून आकडा मोठा दिसतो. त्यात तथ्य असेलही, आणि तसं असेल तर चांगलंच आहे, मोजणं ही लाज नाही. पण आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस मोजणीमुळे आलेला नाही. वारीच्या तोंडावर त्या फेसाचे फोटो येतात, मंत्री पाहणी करतात, पालखी पुढे गेली की विषय संपतो. २०१६ मध्ये चंद्रभागा स्वच्छ करायच्या नमामि चंद्रभागा योजनेची घोषणा झाली, पंढरपूरला जाऊन या आणि वाळवंटात उभं राहून बघा. आणि हे होत नाही असं नाही, नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी वीजकेंद्रांना दिलं जातं, तेवढं चांगलं पाणी वाचतं आणि तेवढा मैला नदीत जायचा थांबतो. म्हणजे आपल्याच राज्यात, आपल्याच माणसांनी करून दाखवलंय.

काशीला गंगेवर अहिल्याबाईंचा घाट आहे, भोसल्यांचा आहे, शिंद्यांचा आहे. आपल्या पूर्वजांनी लांबच्या नदीवर नुसती श्रद्धा ठेवली नाही, दगड आणि पैसा पण घातला. आणि आपल्याकडे एकनाथांची गोष्ट सांगतात, काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. लहानपणापासून ही गोष्ट आपण दयेची म्हणून ऐकली. मला आता त्यात दुसरं पण दिसतं. ते पाणी जिवाला पाजता येण्यासारखं होतं. आज कुणी कानपूरच्या खालून कावड भरली, नाशिकच्या खालून भरली, तर ती मुक्या जनावराच्या तोंडात ओतायची हिंमत होईल का?

नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात, गंगेवर जाऊन येतो म्हणतात. तिथे गर्दीच्या सोयीसाठी नदीच्या पात्रात काँक्रीट ओतलं गेलं, जुनी कुंडं बुजली, तळातले झरे दाबले गेले, ते काढा म्हणून लोकांना कोर्टात जावं लागलं. स्नानाला गंगापूर धरणातून पाणी सोडतात आणि पर्वणी झाली की शहराखाली पुन्हा पाणवेली पसरतात, कारण सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस हेच त्यांचं खत. सिंहस्थासाठी रस्ते होतील, तंबू होतील, त्याला कुणाची ना नाही. पण माझी मागणी त्याहून फार छोटी आहे. रामकुंडावर एक बोर्ड लावा, रोज सकाळी बदलणारा. त्यावर आदल्या दिवशी घेतलेल्या सॅम्पलचे तीन आकडे लिहा, प्राणवायू किती, बीओडी (म्हणजे घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) किती, कोलिफॉर्म किती, आणि शेजारी मर्यादा किती ते पण. खाली लिहा की शहरातलं कोणतं शुद्धीकरण केंद्र काल किती तास चाललं आणि कोणत्या नाल्यातून किती पाणी थेट नदीत गेलं. पर्वणीपुरता नाही, सिंहस्थ संपल्यावर पण तो तिथेच राहू दे. मी काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, बोर्ड मराठीत असू दे, आणि अक्षरं मोठी काढा, मला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत.